दोन्ही हातांचा धा

तेजस्विनीने कीबोर्ड उलटा धरला आणि टेबलाच्या कडेवर दोनदा आपटला. तिळाचे दोन दाणे पडले, एक टाचणी पडली आणि मागोमाग काळी बारीक पूड वर्तमानपत्रावर सांडली. तिने पुडीला बोट लावून नाकाशी नेलं. बुक्का होता.

"कपाळावरचा हाय," कारभारी शिरसाठ म्हणाले. "घाम आला की गळतो. इतकी वर्षं गळतोय, बटणाला कधी काय झालं नाय."

रुग्णालयाचे व्यवस्थापक महेश देवरे खुर्चीच्या मागेच उभे होते. "म्हणजे कीबोर्डात दोष नाही," ते म्हणाले. "तेवढं लिहून द्या, मॅडम."

"अजून पाहिलं कुठे मी?"

काचेच्या पलीकडे रांग ताटकळली होती. निफाडच्या रस्त्यावरचं हे ट्रस्टचं रुग्णालय सकाळी आठला उघडायचं आणि नोंदणीच्या चार खिडक्यांपुढे साडेसातलाच माणसं उभी राहायची. फेब्रुवारी होता, द्राक्षाची तोडणी चालू होती. डोंगरातून आलेले मजूर, पाठ धरलेले बागाईतदार, खोकणारी पोरं, सगळे एका छपराखाली. छप्पर संपल्यावर उरलेले उन्हात.

कारभारींनी उजवा हात इतका वेळ मांडीखाली दाबून ठेवला होता. कीबोर्ड जागेवर आल्यावर त्यांनी तो बाहेर काढला. हात कापत होता. पाण्यावर काठी धरावी आणि ती आपली आपण हलत राहावी, तसा.

"रामकृष्ण हरी," ते काचेतून म्हणाले. "बोला माउली, नाव?"

महेश तेजस्विनीला घेऊन आपल्या खोलीत आले. दार लोटून ते म्हणाले, "माझं त्यांच्याशी वैर नाही. हे आधी सांगतो."

तिने खुर्ची ओढून घेतली.

"दिवाळीनंतरची गोष्ट आहे. दोन वर्षांचं पोर, अंगात ताप. कारभारींनी वय टाकलं दोन, हात कापला आणि झालं बावीस. कागद निघाला मोठ्या माणसांच्या ओपीडीचा. ती बाई बिचारी अडाणी, सांगितलं तिथे जाऊन उभी राहिली. तीन तास. पोराला रांगेत झटका आला. उचलून मी धावलो होतो." त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले, जणू पोर अजून त्यावर होतं. "वाचलं. पण वाचलं म्हणून विसरायचं का?"

"नाही."

"शनिवारी विश्वस्तांची मीटिंग आहे. कारभारींना खिडकीवरून काढून गेटवर टोकन वाटायला बसवायचं, असा माझा प्रस्ताव आहे. दीड वर्ष राहिलंय त्यांचं. पण ते म्हणतात, खिडकी सोडणार नाही. मला आकडा पाहिजे. चार दिवसांत किती बटणं चुकीची दाबली जातात, तो आकडा. तुमचाच प्रोग्राम आहे, तुम्हाला मोजता येईल. आणि हे त्यांना सांगायचं नाही. सांगितलं की जपून दाबतील."

प्रोग्राम खरोखर तिचाच होता. नाशिकला इंदिरानगरमधल्या एका सहा खुर्च्यांच्या कंपनीत ती सात वर्षांपूर्वी लागली, तेव्हा तिला मिळालेलं हे पहिलं काम. पेठच्या डोंगरातून आलेली भोयांची पोरगी, शहरात राहायला खोली मिळेना, आणि इथे तिने लिहिलेल्या प्रोग्रामातून रोज चारशे कागद बाहेर पडतात, ही गोष्ट तिने तेव्हा गावाकडे फोन करून सांगितली होती.

ती पहिल्या खिडकीशी परत आली. कारभारींच्या शेजारी स्टूल ओढून बसली. दहा मिनिटांत मोजणी बसवली. कुठलं बटण, किती वाजून किती सेकंदांनी खाली गेलं, कधी वर आलं, सगळं टिपून ठेवणारी. मग उठता उठता थांबली.

"काका," ती हळू म्हणाली, "आजपासून चार दिवस तुमच्या प्रत्येक बटणाची नोंद होणार आहे. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. मी सांगतेय."

कारभारींनी तिच्याकडे पाहिलं. चष्म्याच्या वरच्या कडेला बुक्क्याचा ठिपका लागला होता.

"टिपा की," ते म्हणाले. "कीर्तनात चोपदार मागं उभा असतो. असला म्हणून काय टाळकरी हात आखडतो?"

दुसऱ्या खिडकीवरची ललिता खुदकन हसली. तिची बोटं न बघता चालत होती, रांग सरसर पुढे जात होती. "काका, तुमच्या रांगेत प्रसाद वाटता का हो? इतका वेळ लागूनसुद्धा लोक तिथंच उभे राहतात."

"तुझ्याकडं पटकन मिळतो, माझ्याकडं पोटभर."

"बघा मॅडम, साठीला आले तरी बोलणं ऐका."

तेजस्विनीचं बाकीचं काम चारही खिडक्यांवर होतं. नवी आवृत्ती बसवायची होती, छपाईचं काही तुंबलं होतं. त्यामुळे ती चारही दिवस तिथेच होती आणि पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं की एक नंबरवर काहीतरी निराळं चालतं. बाकीच्या खिडक्यांवर माणूस नाव सांगायचा, कागद निघायचा, माणूस जायचा. कारभारींच्या खिडकीवर सगळं टाईप झालं की ते हात बाजूला घ्यायचे. पडद्यावरची ओळ मोठ्याने म्हणायचे, थोडी लांबवून, कीर्तनात बुवा चरण टाकतात तशी. आणि थांबायचे. समोरच्याने ती परत म्हटल्याशिवाय एंटर नाही.

"कुसाबाई सावळीराम डेर्ले."

"कुसाबाई सावळीराम डेर्ले," काचेपलीकडची म्हातारी म्हणाली.

"गाव सायखेडा."

"सायखेडा."

"वय त्रेसष्ट."

"असंल. लिहा."

"दुखणं, उजवा गुडघा."

"दोन्ही लिहा की ओ! एकाच्या कागदावर दोन्ही दाखवून घ्यायचे हायेत मला."

रांग हसली. कारभारी हसले, 'उजवा' खोडून 'दोन्ही' केलं आणि पुन्हा म्हणाले. म्हातारीने पुन्हा झेललं. मग एंटर. एका माणसामागे पाऊण मिनिट जास्त. चहाच्या वेळी तेजस्विनीने विचारलं, "हे कधीपासून, काका?"

"त्या पोराला झटका आला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." त्यांनी कप डाव्या हाताने उचलला. उजवा टेबलावर आपला आपण बारीक नाचत होता. "चूक माझी होती. मी कुणाला नाय म्हणालो नाय. पण पाटी कोरी करून गेटवर बसलो तर ती चूक मिटंल का? कुणी दुसरा बसंल हितं, त्याच्या हातून दुसरी होईल. मला निदान माझा हात कसा चुकतो ते ठाऊक झालंय."

"पण प्रोग्राम विचारतो ना शेवटी? माहिती बरोबर आहे का, होय की नाही?"

"तुमचं ते यंत्र?" कारभारींनी मान हलवली. "कधी विचारतं, कधी विचारत नाय. कधी नुसतं चमकल्यासारखं होतं आणि कागद बाहेर. अशा माणसाच्या भरवशावर कोण राहील? ते विचारायचं थांबलं, म्हणून मी विचारायला लागलो."

तेजस्विनीचा कप तोंडाशी गेला होता, तो तिथेच राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी, रांग ओसरल्यावर, ती कॅन्टीनच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून नोंदी वाचत बसली. आकडा सोपा होता. चौदाशे बारा. एवढ्या वेळा एक नंबरच्या खिडकीवर बटण नको असताना दाबलं गेलं होतं. शनिवारच्या मीटिंगला एवढं पुरेसं होतं.

तिने एंटरच्या नोंदी वेगळ्या काढल्या.

कीबोर्ड प्रत्येक बटणाचे दोन निरोप पाठवतो. एक बटण खाली गेल्याचा, एक वर आल्याचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं, कुठला ऐकायचा. सात वर्षांपूर्वी तिने पहिला ऐकला होता. एंटर खाली गेलं रे गेलं, की 'माहिती बरोबर आहे का?' ही चौकट यायची आणि तिच्यात 'होय' आधीच निवडलेलं असायचं, ऑपरेटरचा वेळ वाचावा म्हणून. त्या हुशारीबद्दल तेव्हा तिला शाबासकीही मिळाली होती. आता तिच्यासमोर ओळी होत्या. एंटर खाली. चौकट उघडली. सेकंदाचा बारावा भाग. एंटर पुन्हा खाली. चौकट बंद, उत्तर होय. असं चार दिवसांत एकशे अठरा वेळा. पहिलं एंटर कारभारींचं, दुसरं त्यांच्या कापऱ्या हाताचं, आणि मधला प्रश्न माणसाच्या डोळ्याला दिसेल इतका वेळसुद्धा पडद्यावर टिकलेला नव्हता.

दिवाळीनंतरच्या त्या दिवशीही असंच झालं असणार. दोनाचे बावीस झाले ते हातामुळे. पण ते बावीस थांबवायला जो प्रश्न होता, त्याचं उत्तर तिने कुणी विचार करायच्या आत घेऊन टाकलं होतं.

तिने लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला, आणि तासाभरात एक चाळणी लिहून काढली. एकच बटण पाव सेकंदाच्या आत दुसऱ्यांदा खाली गेलं, तर दुसरं नव्हतंच असं समजायचं. तिने ती एक नंबरवर बसवली आणि कारभारींना म्हणाली, "काका, टाईप करून बघा. कसंही."

कारभारींनी आपलं नाव टाईप केलं. हात नेहमीसारखाच उडत होता, बोट एका बटणावर दोनदा, तीनदा आपटत होतं. पडद्यावर मात्र स्वच्छ, सरळ नाव उमटलं. ललिता खुर्ची सरकवून बघायला आली. "अय्या! काका, एकदम तरुण झालात."

कारभारी कितीतरी वेळ त्या नावाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या नातीचं वय टाका. तुम्ही टाका, तुमच्या हातानं."

"किती?"

"बावीस."

तेजस्विनीने टाईप केलं. रोजच्या सवयीने, झटकन. दोन, दोन.

पडद्यावर उमटलं : २.

ललिता आपल्या खिडकीकडे परत गेली.

"दोनदा वाजलं म्हणजे चुकलं, असं नसतं ना ओ, ताई," कारभारी शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता, समजूत घालावी तसा होता. "पखवाजावर एकच बोल चार-चार वेळा वाजवतो माणूस, जाणूनबुजून. ऐकणाऱ्यानं त्यातले तीन गाळले तर राहिलं काय? काढा ती चाळणी."

"पण तुमचा हात—"

"हात कापतो तर कापताना दिसू द्या. पडदा असा चकचकीत झाला तर मीच वाचायचं सोडंन."

तिने चाळणी काढली. काढताना तिची मान खाली होती. कारभारींनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला. तीस वर्षं गावच्या सप्त्यात पखवाज वाजवला, म्हणाले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला स्वतः कणीक लावायची, स्वतः भिजवायची, दुसऱ्याच्या हाताला लावू द्यायची नाही. दोन वर्षांपासून हात असा झाला. लोक म्हणाले, कारभारी, आता पुढे बसून नुसतं ऐका.

"मग?"

"मग काय? आता आमच्या गावची एक मास्तरीण वाजवते, लय गोड वाजवते. पण मी शेजारी माझा पखवाज घेऊन बसतो. सगळं ती वाजवते. समेवरचा धा तेवढा मी सोडलेला नाय." त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि एकदम उचलून एकदम टाकले. पेनाचा डबा हलला. "धा एका हाताचा नसतो. डावा आणि उजवा एका वेळी पडले तरच धा. उजवा एकटा कितीबी थरथरला, त्याचा धा होत नाय. डावा येईस्तोवर त्याला थांबावंच लागतं."

त्यांनी पुन्हा एकदा वाजवून दाखवला. उजवा हात टेबलावर पडायच्या आधीही कापत होता, पडल्यावरही कापत होता. आवाज मात्र एकच आला.

तेजस्विनीने टेबलाकडे पाहिलं, मग कीबोर्डाकडे. डावीकडच्या कोपऱ्यातलं कंट्रोल. उजवीकडचं एंटर.

"काका," ती म्हणाली, "उद्या लवकर याल का? सातला?"

संध्याकाळी नाशिकला परतताना बसमध्ये धनराज सरांचा फोन आला. कंपनी त्यांची.

"आकडा मिळाला ना? पाठवून दे देवरेंना. आणि आता ओझरचं काम घे."

"सर, रिपोर्टमध्ये अजून एक गोष्ट लिहावी लागेल. दुसऱ्या एंटरचा दोष आपला आहे."

"आपला म्हणजे?"

"माझा." तिने सांगितलं. चौकट, आधीच निवडलेलं 'होय', एकशे अठरा वेळा.

"हे कुणाला माहितीये?"

"मला."

"मग ठीक आहे."

"तेच तर ठीक नाही ना, सर."

"अगं, कंत्राट जाईल आपलं. त्या माणसाला गेटवर खुर्ची मिळणार आहे, पगार तोच राहणार आहे. तुला कुठल्या खुर्चीवर बसवू मी, ते सांग. तू फक्त आकडा पाठव."

बस ओझरच्या पुलाखालून जात होती. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आकडा देईन, सर. पूर्ण देईन."

शनिवारी सकाळी तिने कारभारींच्या खिडकीवर नवी रीत बसवली. कुठलंच बटण गिळायचं नाही, हाताने जे दाबलं ते सगळं दिसू द्यायचं. ती चमकून जाणारी चौकट काढून टाकली. तिच्या जागी पूर्ण ओळ मोठ्या अक्षरात पडद्याच्या तळाशी, हटवल्याशिवाय न हटणारी. आणि कागद काढायला एकटं एंटर चालणार नाही. डावं कंट्रोल आणि उजवं एंटर दोन्ही एका वेळी खाली असायला हवीत, आणि दोन्ही सुटली की मगच कागद. डावा हात वर येईपर्यंत उजव्याने कितीही फुगड्या घालाव्यात.

कारभारींनी पहिल्यांदा दाबलं तेव्हा उजवं बोट एंटरवर चार वेळा आपटलं. कागद एकच निघाला.

"आला समेवर," ते म्हणाले.

अकरा वाजता महेश खाली आले. हातात फाईल होती. "कारभारी, चला वर. विश्वस्त आलेत. मॅडम, तुम्हीपण."

"रांग उभी हाय, साहेब," कारभारी काचेवरून नजर न काढता म्हणाले.

"ललिता बघेल."

"कीर्तन चालू असताना पखवाज्या उठून जात नाय. त्यांना खाली या म्हणावं."

"अहो, अध्यक्षा आहेत त्या!"

"मग तर त्यांना पायऱ्या उतरायला कुणी अडवणार नाय."

महेश लालबुंद झाले. ललिताने चेहरा मॉनिटरमागे लपवला. रांगेतली एक बाई मात्र पुढे झाली. कडेवर पोर, अंगावर द्राक्षाच्या रसाचे डाग पडलेला सदरा. तेजस्विनीने तिला कालही याच रांगेत पाहिलं होतं, आणि तिच्या बोलण्यातला पेठकडचा हेल ऐकून विचारलंही होतं, 'बाई, तिकडची रांग लहान आहे, तिकडे का नाही जात?' तिचं नाव भागीबाई. दिवाळीनंतर तीन तास उभी राहिली होती ती हीच, हे तेजस्विनीला तेव्हा माहीत नव्हतं. भागीबाई म्हणाली होती, "हे बाबा इचारतात. दुसरी कुणी इचारीत नाय."

आता ती महेशना म्हणाली, "साहेब, यांना नका नेऊ. माझा लंबर आलाय."

महेशनी तिला ओळखलं. पोरालाही ओळखलं. ते जिना चढून गेले.

पाच मिनिटांनी अध्यक्षा मालनबाई बोरस्ते स्वतःच खाली उतरल्या. सत्तरीच्या, पायात साध्या चपला, एका हाताने कठडा धरलेला. मागून दोन विश्वस्त आणि महेश. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"आकडा काय आहे?" त्यांनी विचारलं.

"चौदाशे बारा," तेजस्विनी म्हणाली.

महेशनी मान हलवली. एक विश्वस्त "बाप रे" म्हणाले.

"चौदाशे बारा वेळा बटण चुकून दाबलं गेलं. त्यातली एकही चूक कागदावर गेलेली नाही. हे कागद, तपासून घ्या, साडेतीनशे आहेत. आणि अजून एक आकडा आहे, तो मला विचारला नव्हता." तिच्या पर्समध्ये फोन थरथरत होता. तिने पर्स खाली ठेवली. "एकशे अठरा वेळा प्रोग्रामने प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायला कुणाला वेळच दिला नाही. तो भाग मी लिहिलाय. त्या लेकराच्या वेळी पहिली चूक काकांच्या हाताची होती, ती ते पहिल्या दिवसापासून कबूल करतायत. ती थांबली असती, ती मी थांबू दिली नाही. रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलंय. गेटवर बसवायचं असेल तर तिथे दोन खुर्च्या लागतील."

"मॅडम," महेश म्हणाले, "तुम्हाला एवढं सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगितलं."

मालनबाई कारभारींकडे वळल्या. "माझा कागद काढा."

"आक्का, रांग हाय."

रांगेतूनच कुणीतरी म्हणालं, "काढा काढा, आमाला बघू द्या." मालनबाई मुकाट्याने वळसा घालून काचेपलीकडे गेल्या आणि भागीबाईच्या मागे उभ्या राहिल्या. भागीबाईचा कागद झाला. वय दोन, तिने दोन बोटं दाखवून झेललं. मग मालनबाई.

नाव झालं. गाव झालं.

"वय?"

"एकाहत्तर."

हात उडाला. कारभारींनी पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. त्यावर ७११ होतं.

"बघा," ते म्हणाले. "सातशे अकरा."

"इतकी नाही हो जगायची," मालनबाई म्हणाल्या, आणि रांग हसली, दोन्ही विश्वस्त हसले. कारभारींनी शांतपणे एक आकडा खोडला. हात बाजूला घेतले. आणि ओळ म्हटली, रोजच्यासारखी, लांबवून.

"मालनबाई विश्राम बोरस्ते."

मालनबाई गप्प राहिल्या. त्यांना वाटलं असावं की हे ऐकायचं असतं. कारभारी थांबले. थांबलेच. मागच्या म्हातारीने त्यांना कोपराने ढोसलं, "झेला की ओ बाई!"

"मालनबाई विश्राम बोरस्ते," त्या म्हणाल्या. पुढच्या ओळीला त्यांना ढोसावं लागलं नाही.

दोन्ही हात पडले, सुटले. एक कागद निघाला. मालनबाईंनी तो चष्मा लावून वाचला, चार घड्या घालून कमरेच्या बटव्यात ठेवला आणि काचेतून महेशना विचारलं, "हे बाकीच्या खिडक्यांवर का नाही?"

"वेळ जातो, मालनताई. माणसामागे पाऊण मिनिट."

"आणि त्या लेकराचे तीन तास गेले, ते कुणाचे?" उत्तराची वाट न बघता त्या छपराच्या कडेपर्यंत चालत गेल्या आणि उन्हात उभ्या असलेल्या माणसांकडे बघत राहिल्या. "गेटपर्यंत सावली करून घ्या आधी. तिथे कुणाला बसवायचं, ते सावली झाल्यावर बघू."

महेशनी फाईल उघडली. सगळ्यात वरचा कागद काढून सगळ्यात खाली घातला. मग थोडं थांबून तो बाहेरच काढला आणि दुमडून शर्टाच्या खिशात ठेवला.

"रामकृष्ण हरी," कारभारी पुढच्या माणसाला म्हणाले. "बोला माउली, नाव?"

तेजस्विनीने पर्स उघडली. धनराज सरांचे सहा फोन येऊन गेले होते, सातवा चालू होता. तिने फोन पालथा करून टेबलावर ठेवला आणि आपलं स्टूल ओढत दुसऱ्या खिडकीपाशी आणलं.

"सरक जरा," ती ललिताला म्हणाली. "तुझ्यावर पण तेच बसवते."

"मला कशाला?" ललिताच्या उजव्या हाताची बोटं थांबली नाहीत. "माझा हात कुठे कापतो?"

"माझाही कापत नव्हता," तेजस्विनी म्हणाली.

ललिताने तिच्याकडे पाहिलं. मग मांडीवरचा डावा हात उचलून कीबोर्डावर ठेवला.